चवीचा निवाडा कोणी करायचा?

पुणे शहराला खवय्यांचे शहर म्हणून मिरवायची मोठी हौस आहे. मिसळ कोठे खावी, बाकरवडी कोणाची घ्यावी, अमृततुल्य कोणत्या पेठेतले चांगले, कॅम्पातल्या बेकरीसमोर किती वाजता रांग लावावी, यावर पुणेकर तासन्‌तास वाद घालतात. रविवारच्या पुरवण्यांत या वादासाठी हक्काची जागा राखलेली असते. पण कौतुकाच्या या यादीत ताडीवाला रस्ता, कासेवाडी, लोहियानगर, येरवडा, बोपोडी, दांडेकर पूल ही नावे किती वेळा दिसतात? या वस्त्यांत माणसे जेवत नाहीत काय? तेथे खानावळी नाहीत, हातगाड्या नाहीत, हाताला चव असलेल्या बायाबापड्या नाहीत काय? सगळे आहे. नाही ती फक्त नोंद.

ही नोंद करण्याचा छंद आमच्या परिचयाच्या काही तरुण मुलामुलींना गेल्या वर्षापासून लागला आहे. त्यांच्यातला एक कुरिअर कंपनीत काम करतो, एक मुलगी एम. ए. करते आहे, एक जण स्पर्धा परीक्षेच्या तयारीत आहे. सुट्टीच्या दिवशी ही मुले एखादी खानावळ किंवा हातगाडी गाठतात, पदरचे पैसे मोजून जेवतात आणि घरी येऊन वहीत लिहितात. काय खाल्ले, किती रुपयांना खाल्ले, भाकरी गरम होती की सकाळची, रस्सा मसाल्याचा होता की नुसत्या रंगाचा, पाणी कसे होते, ताटे कोठे धुतली जात होती, बनवणाऱ्या बाईने ही कृती कोणाकडून घेतली. चांगले असेल तर चांगले लिहितात, वाईट असेल तर वाईट लिहितात. कोणाचा पाहुणचार घेत नाहीत, कोणाची जाहिरात करत नाहीत. लिहिलेले मजकूर झेरॉक्स काढून वस्तीत वाटतात.

या छंदासाठी आज आम्ही वाचकांकडे मदत मागणार आहोत. अत्याचाराची प्रकरणे, शिष्यवृत्ती आणि आरक्षण यांवर लिहिणारा हा स्तंभ आज खाण्यापिण्याच्या गोष्टी घेऊन बसला, असे काही वाचकांना वाटेल. म्हणून थोडे सविस्तर सांगणे आले.

चहाची चव आणि चहाची जात

पुण्यात अन्न ही नुसती जिभेची बाब कधीच नव्हती. १८९० साली गुरुवार पेठेतल्या पंचहौद मिशनमध्ये शहरातल्या मान्यवरांना चहा आणि बिस्किटे देण्यात आली. त्यांत लोकमान्य टिळक होते, न्यायमूर्ती रानडे होते. गोपाळराव जोशी यांनी हजर असलेल्यांची नावे 'पुणे वैभव' या पत्रात छापून टाकली आणि शहरात गहजब झाला. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, ग्रामण्य झाले, शेवटी प्रायश्चित्ते घ्यावी लागली. एवढ्या मोठ्या वादात एक प्रश्न मात्र कोणालाही पडला नाही. तो चहा चांगला झाला होता काय? चहा कोणाच्या हातचा होता एवढेच महत्त्वाचे होते.

त्याच पंचहौदापासून चालत जाण्याच्या अंतरावर, गंज पेठेत, महात्मा जोतीराव फुल्यांनी १८६८ साली आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला होता. म्हणजे चहाच्या घोटासाठी शहर हादरले त्याच्या बावीस वर्षे आधी याच शहरातल्या एका माणसाने हातचे पाणी आणि अन्न यांवरचा पहारा आपल्या अंगणातून उठवला होता. पण शहराच्या आठवणीत चहाचे पेले जास्त ठळक राहिले.

हे सगळे जुने झाले, आता कोण असे पाहतो, असे म्हणणाऱ्यांसाठी २०१७ सालचे उदाहरण आहे. त्या वर्षी सप्टेंबरात पुण्यातल्या एका उच्चशिक्षित शास्त्रज्ञ बाईंनी सिंहगड रस्ता पोलीस ठाण्यात तक्रार दिली. सोवळ्याच्या स्वयंपाकाला ठेवलेल्या बाईने आपली जात लपवली आणि त्यामुळे आपली फसवणूक झाली, असे त्यांचे म्हणणे होते. पोलिसांनी गुन्हाही नोंदवला. राज्यभर टीका झाल्यावर काही दिवसांत तक्रार मागे घेण्यात आली. वकील म्हणून आम्हाला या प्रकरणातली एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी वाटते. भाजी खारट होती, पुरणपोळी फाटली, अशी ती तक्रार नव्हती. तक्रारीचा विषय जात हा होता. १८९० आणि २०१७ यांत सव्वाशे वर्षांचे अंतर आहे. प्रश्न मात्र तोच राहिला.

मार्च २०२४ मध्ये झोमॅटो या घरपोच जेवण पोचवणाऱ्या कंपनीने 'शुद्ध शाकाहारी' ग्राहकांसाठी वेगळे वाहक आणि वेगळा हिरवा गणवेश जाहीर केला. टीका होताच वेगळा गणवेश दुसऱ्या दिवशी मागे घेतला. सोवळे आता मोटारसायकलवरही बसू शकते, एवढे त्यातून समजले.

याच्या उलटे उदाहरण कोल्हापूरचे आहे. गंगाराम कांबळे यांना पाण्याच्या हौदाला शिवले म्हणून मारहाण झाली होती. छत्रपती शाहू महाराजांनी त्यांना हॉटेल काढायला मदत केली. 'सत्यसुधारक' हे त्या हॉटेलचे नाव. अस्पृश्याच्या हातचा चहा घ्यायला गिऱ्हाईक येईना, तेव्हा महाराज स्वतः तेथे गाडी थांबवून चहा मागवू लागले. आपण प्याले आणि बरोबरच्यांनाही पाजला. आमच्या दृष्टीने हे खाद्यपरीक्षणच होते. ज्याच्या शब्दाला वजन आहे अशा माणसाने चारचौघांत उभे राहून 'हा चहा पिण्यासारखा आहे' असे कृतीने सांगितले. गंगाराम कांबळे यांच्या चहात कमी काहीच नव्हते. कमी होती ती असे सांगणाऱ्यांची.

विकतची स्तुती

आज हा शब्दाचा मान कोणाकडे गेला आहे? नवे हॉटेल उघडले की चार लिहिणाऱ्यांना आणि आठ चित्रफिती काढणाऱ्यांना आमंत्रण जाते. जेवण फुकट, कधी वर पाकीट. दुसऱ्या दिवशी सगळीकडे एकाच सुरात 'अप्रतिम', 'जिभेवर विरघळणारे', 'एकदा तरी खाच'. वाचणाऱ्याला हे मत वाटते, प्रत्यक्षात ती जाहिरात असते. ज्याच्याकडे आमंत्रणाचे पैसे आहेत त्याचीच चव चांगली ठरते. जुन्या बाजाराच्या कडेला भाकऱ्या थापणारी म्हातारी कोणाला आमंत्रण देणार आणि कोठले पाकीट भरणार?

हा प्रकार इतका वाढला की सरकारला दखल घ्यावी लागली. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे दिशाभूल करणारी जाहिरात करणाऱ्याला आणि तिची भलामण करणाऱ्यालाही दहा लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, पुन्हा तेच केले तर पन्नास लाखांपर्यंत. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जून २०२२ मध्ये जी मार्गदर्शक तत्त्वे काढली त्यांत, भलामण करणाऱ्याचा मालकाशी पैशाचा किंवा अन्य लाभाचा संबंध असेल तर तो उघड सांगितला पाहिजे, असे बंधन आहे. इंटरनेटवरच्या अभिप्रायांत खोटेपणा चालतो म्हणून भारतीय मानक ब्युरोने नोव्हेंबर २०२२ मध्ये त्यासाठी स्वतंत्र मानक केले. कायदे आहेत. पण खोटी स्तुती कायद्याने थोडीफार थांबली तरी खरी नोंद कायद्याने जन्माला येत नाही. ती कोणीतरी पदरमोड करून, पायपीट करून लिहावी लागते.

जगात हे कसे चालते तेही पाहावे. फ्रान्समधल्या मिशेलिन या टायर कंपनीने १९०० साली मोटार चालवणाऱ्यांसाठी एक मार्गदर्शक पुस्तिका काढली. १९२६ पासून ती चांगल्या उपाहारगृहांना तारे देऊ लागली. त्या ताऱ्यांना आज जगभर मान आहे, आणि त्याचे मुख्य कारण त्यांचे परीक्षक ओळख न देता जातात आणि बिल स्वतः भरतात हे आहे. अमेरिकेत लॉस एंजेलिस शहरात जोनाथन गोल्ड नावाचा लेखक होऊन गेला. मोठ्या हॉटेलांबरोबरच स्थलांतरित गरीब लोकांच्या छोट्या खाणावळी, रस्त्यावरच्या गाड्या यांवर त्याने मनापासून लिहिले. मेक्सिकन, कोरियन, थाई कष्टकऱ्यांचे जेवण त्याने शहराच्या नकाशावर आणले. २००७ साली त्याला समीक्षेचे पुलित्झर पारितोषिक मिळाले. हा मान मिळवणारा तो पहिला खाद्यसमीक्षक. २०१८ साली तो वारला तेव्हा ज्यांच्या खाणावळींवर त्याने लिहिले ते लोक हळहळले. गरिबाच्या ताटावर मन लावून लिहिणे हे हलके काम आहे असे त्या देशाने मानले नाही.

भूक लिहिली, चव राहून गेली

आपल्याकडे ताटावर लिहिणारे हात बहुतेक एकाच थरातले राहिले. कमलाबाई ओगले यांचे 'रुचिरा' १९७० साली आले आणि मराठी मध्यमवर्गाच्या घराघरांत पोचले. चांगले पुस्तक आहे, त्याला नावे ठेवण्याचे कारण नाही. पण 'महाराष्ट्रीय जेवण' म्हटले की जे डोळ्यांसमोर येते ते अशाच पुस्तकांनी ठरवले. वरणभात, साधी आमटी, कोशिंबीर, श्रीखंड. बाकीचे लोक काय खात होते?

दलित साहित्याने या प्रश्नाचे अर्धे उत्तर दिले. दया पवारांच्या 'बलुतं'पासून (१९७८) आत्मकथनांनी आमची भूक मराठी वाचकांपुढे ठेवली. शिळे तुकडे, बलुत्याची भाकर, रिकामी चूल हे सगळे आले आणि ते येणे आवश्यकच होते. पण आमच्या आया-आज्यांनी त्या अपुऱ्या साहित्यातून जी चव काढली, तिची नोंद मागे पडली. तेल नव्हते तर मसाला भाजून त्याचे काम भागवले. भाजी नव्हती तर येसूर घालून कोरड्यास केले. मटणाचे निवडक तुकडे दुसरीकडे गेले तर वजडी, मुंडी, पाया, रक्ती यांतून असे कालवण केले की बोटे चाटावीत. यात अक्कल होती, कसब होते. हे ज्ञान आहे, आणि ज्ञानाची नोंद व्हावी लागते.

ती सुरुवात याच पुणे शहरात झाली, हे फार थोड्यांना ठाऊक आहे. पुणे विद्यापीठातल्या क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले स्त्री अभ्यास केंद्राने २००९ साली 'इझन्ट धिस प्लेट इंडियन?' म्हणजे 'हे ताट भारतीय नाही काय?' या नावाचे पुस्तक काढले. प्राध्यापक शर्मिला रेगे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विद्यार्थ्यांना बरोबर घेऊन दलित स्त्रियांच्या अन्नाच्या आठवणी लिहून काढल्या. रेगे मॅडम २०१३ साली गेल्या, पण त्या नावातला प्रश्न अजून उभा आहे. पुढे २०१५ साली शाहू पाटोळे यांचे 'अन्न हे अपूर्णब्रह्म' आले. मराठवाड्यातल्या महार आणि मांग समाजांच्या स्वयंपाकाची ही साद्यंत नोंद आहे. जेवणाआधी म्हणायच्या श्लोकातल्या शब्दाला त्यांनी एक 'अ' लावला आणि सगळे सांगून टाकले. २०२४ साली या पुस्तकाचा इंग्रजी अनुवाद आला आणि मोठमोठ्या इंग्रजी पत्रांनी त्याची वाखाणणी केली. मराठी पुरवण्यांनी नऊ वर्षांत जेवढी केली नव्हती तेवढी!

आमच्या परिचयाची ही मुले त्याच वाटेवरचे पुढचे पाऊल टाकत आहेत. पुस्तकांनी घरातल्या चुलीची नोंद केली. ही मुले रस्त्यावरच्या, खानावळीतल्या, पोटासाठी विकल्या जाणाऱ्या अन्नाची नोंद करतात. त्यांच्या वहीत मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजाराजवळच्या एका हातगाडीबद्दल दोन पाने आहेत. रविवारी आणि बुधवारी बाजार भरतो तेव्हा साठीची एक बाई वजडी आणि ज्वारीची भाकरी विकते. वजडी आधी चुन्याच्या पाण्यात, मग गरम पाण्यात किती वेळा धुतली जाते हे मुलांनी तिला विचारून लिहिले आहे. मसाला घरचा आहे, सोबत कांदा आणि मिठाची मिरची मिळते. मीठ जरा जास्त पडते, हेही लिहिले आहे. पिण्याच्या पाण्याच्या पिंपाला झाकण नाही, हेही लिहिले आहे. पुढच्या भेटीत झाकण आले होते. खऱ्या परीक्षणाचा उपयोग हा असा होतो. नुसत्या स्तुतीने झाकण आले नसते आणि नुसत्या निंदेने गाडी बंद पडली असती.

आपल्यातलेच आक्षेप

या छंदाला विरोध बाहेरच्यांपेक्षा घरातून जास्त झाला. तो समजून घेतला पाहिजे.

पहिला आक्षेप वडीलधाऱ्यांचा. बाबासाहेबांनी मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत मेलेल्या जनावराचे मांस सोडा, शिळेपाके तुकडे मागणे सोडा असे सांगितले. आपण ते ऐकले आणि माणूस म्हणून उभे राहिलो. आता ही पोरे ते जुने खाणे पुन्हा उकरून काढून आपली लाज चव्हाट्यावर का मांडतात? या भावनेचा आम्हाला आदर आहे. पण बाबासाहेबांचे सांगणे नीट समजून घ्यावे. लाचारीने, गावकीच्या हुकमाने, दुसऱ्याने टाकलेले खाऊ नका, असे ते सांगणे होते. खाटकाकडून रोख पैसे मोजून आणलेल्या ताज्या वजडीत लाचारी कोठे आहे? आपली मुले महागड्या हॉटेलात तेच पाय 'सूप' म्हणून पितात तेव्हा आपल्याला लाज वाटत नाही. मग आज्जीच्या हातच्या पायाची लाज का वाटावी? लाज पदार्थात नव्हती, ती लादलेल्या हीनपणात होती. हीनपणा टाकायचा, आज्जीचे कसब टाकायचे नाही.

दुसरा आक्षेप धम्माच्या बाजूने येतो. बौद्धाने मांसाहाराचे कौतुक करावे काय? 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी मारण्याची गरज आणि मारण्याची इच्छा यांत भेद केला आहे, तो वाचकांनी पुन्हा वाचावा. ज्याला शाकाहार करायचा त्याने आनंदाने करावा. या मुलांच्या वहीत पिठलं-भाकरी, आंबील, माडगं आणि शेंगदाण्याच्या कोरड्या चटणीलाही तेवढीच पाने आहेत. आपले ताट हेच शुद्ध आणि दुसऱ्याचे अशुद्ध, असे कोणी म्हणाले तर मात्र आम्ही त्याला हरकत घेऊ.

तिसरा आक्षेप कार्यकर्त्यांचा आहे. इतके गंभीर प्रश्न असताना हे चोचले कशाला? आमचे उत्तर असे की, ज्या बाईचा संसार हातगाडीवर चालतो तिच्यासाठी हा चोचला नाही. चार गिऱ्हाइके वाढली तर मुलीच्या कॉलेजची फी भरली जाते. शिवाय चवीबद्दल बोलण्याचा अधिकार हा माणूसपणाचाच भाग आहे. भुकेल्याला अन्न द्या असे सगळे म्हणतात. पण गरिबाला विचारून पाहा, तुला काय आवडते, असे कोण म्हणतो? ज्याला आवडनिवड विचारली जात नाही त्याला पूर्ण माणूस मानलेले नसते.

आपला माणूस असला तरी

या मुलांची खरी कसोटी लागली ती दोन प्रसंगांत.

भवानी पेठेच्या बाजूला आपल्याच समाजातल्या एका गृहस्थांची खानावळ आहे. वर्गणी देणारे, जयंतीला पुढे असणारे. मुलांनी तेथे तीनदा जेवून लिहिले की रस्सा पाणचट आहे, तेल पुन्हा पुन्हा तापवलेले आहे आणि दर जास्त आहे. गृहस्थ संतापले. आपल्याच माणसाचे पोट मारता, म्हणाले. चार लोक आमच्याकडेही आले, मुलांना समजवा म्हणून. आम्ही त्यांना सांगितले की आपल्या माणसाला खोटे प्रशस्तिपत्र देणे ही मदत नव्हे. आज तुम्हाला खोटे चांगले म्हटले तर उद्या जुन्या बाजारातल्या म्हातारीला खरे चांगले म्हटलेले कोण मानेल? शब्दाला किंमत राहते ती सगळ्यांना एक माप लावल्यामुळे.

दुसरा प्रसंग उलटा होता. शहरातल्या एका मोठ्या हॉटेलने मुलांना दरमहा ठरावीक रक्कम देऊ केली. अट एवढीच की आमच्याविषयी महिन्यातून एकदा चांगले लिहा, बाकी तुमचे लिखाण तुमच्या मर्जीने चालू द्या. रक्कम मुलांच्या दृष्टीने मोठी होती. घरी पैशाची चणचण, गाडीचे पेट्रोल खिशातून. दोन दिवस ती मुले आपापसांत भांडली आणि मग नाही म्हणाली. आम्हाला त्यांचा अभिमान वाटला. पण किती दिवस नाही म्हणतील? प्रामाणिकपणाला जेवण लागत नाही असे नाही. म्हणून हा लेख.

कायदा कोणाच्या बाजूने

एका हॉटेलमालकाने वाईट लिहिले म्हणून मुलांना वकिलाकरवी नोटीसही पाठवली. तिचे उत्तर आम्ही दिले आणि पुढे काही झाले नाही. पण वाचकांनी कायदा थोडा समजून घ्यावा, कारण उद्या ही नोटीस तुमच्याही दारात येऊ शकते.

संविधानाच्या कलम १९ ने मत मांडण्याचा हक्क दिला आहे. त्याला बदनामीच्या कायद्याची मर्यादा आहे. पूर्वी भारतीय दंड संहितेचे कलम ४९९ होते, १ जुलै २०२४ पासून त्याच्या जागी भारतीय न्याय संहितेचे कलम ३५६ आहे. त्यात अपवाद दिलेले आहेत. लोकहितासाठी केलेले खरे कथन बदनामी ठरत नाही. लोकांपुढे मांडलेल्या कृतीच्या गुणदोषांवर सद्‌भावनेने दिलेले मत बदनामी ठरत नाही. म्हणून आम्ही मुलांना चार नियम घालून दिले आहेत. बिल जपून ठेवा. एकदा जेवून लिहू नका, किमान दोनदा जा. जे पाहिले, चाखले तेवढेच लिहा, ऐकीव लिहू नका. मालकाचे म्हणणे असेल तर तेही छापा. बिलावर अन्नसुरक्षा खात्याचा चौदा अंकी क्रमांक आहे की नाही तेही पाहा. १ जानेवारी २०२२ पासून तो बिलावर असणे बंधनकारक आहे.

आणि एक पाचवा नियम आहे, जो इतर खाद्यलेखकांच्या यादीत सहसा नसतो. तेथे सगळ्यांना एकाच पेल्यात पाणी मिळते काय, ते पाहा. संविधानाच्या कलम १५ ने उपाहारगृहात जातीवरून मज्जाव करायला बंदी घातली आहे. नागरी हक्क संरक्षण कायदा १९५५ च्या कलम ४ प्रमाणे हॉटेलात लोकांसाठी ठेवलेली भांडी वापरू न देणे हा गुन्हा आहे. 'दोन पेले' ही गोष्ट पुण्याच्या पेठांत दिसत नसेल, पण जिल्ह्याच्या आडवळणाच्या गावांत जाणाऱ्या वाटसरूने डोळे उघडे ठेवावेत. ज्या हॉटेलात पेले वेगळे, तेथला चहा कितीही फक्कड असला तरी त्याला शून्य गुण. हा निकष आमच्या मुलांनी घातला आहे आणि तो कोणत्याही ताऱ्यांच्या यादीत घालण्यासारखा आहे.

वाचकांनी काय करावे

आता खर्चाचा हिशोब. महिन्याला चार ठिकाणे, प्रत्येक ठिकाणी दोनदा जाणे, दर वेळी दोघे जण, ताटामागे दोनशे रुपये धरले तर ३,२०० रुपये होतात. झेरॉक्स आणि पेट्रोल वेगळे, ते मुले आपले आपण पाहतील. शंभर वाचकांनी महिना बत्तीस रुपये दिले तर ताटांचा खर्च निघतो. एका वडापावचे आणि एका कटिंगचे पैसे! एवढे दिले तर या मुलांना कोणाच्याही पाकिटाकडे पाहावे लागणार नाही.

मदत घेताना त्यांच्या काही अटी आहेत आणि त्या आम्हाला मान्य आहेत. हॉटेल, खानावळ किंवा खाद्यपदार्थांचा व्यवसाय असणाऱ्याकडून पैसे घेणार नाहीत, मग तो कितीही जवळचा असो. एका माणसाकडून महिन्याला शंभर रुपयांपेक्षा जास्त घेणार नाहीत, म्हणजे कोणी एक जण मालक होणार नाही. दर तीन महिन्यांनी जमाखर्च विहारात वाचून दाखवतील. आणि पैसे दिले म्हणून तुमच्या मेहुण्याच्या खानावळीला चांगले म्हणणार नाहीत.

ज्यांना पैसे देणे शक्य नाही त्यांनी पत्ता द्यावा. आपल्या वस्तीत कोणाच्या हातचे कालवण प्रसिद्ध आहे, कोणती आजी अजून येसूर घरी कुटते, कोणत्या गाडीवर कष्टकरी रोज जेवतात, ते या दैनिकाच्या कार्यालयात आमच्या नावे कळवावे. महिलांनी आपल्या आयांच्या कृती सांगाव्यात. घरात इंग्रजी चांगले लिहिणारा मुलगा किंवा मुलगी असेल त्यांनी या नोंदींचे भाषांतर करावे. आणि प्रत्येक वाचकाने एक काम करावे, जे फुकट आहे. आपण जेथे जेवतो तेथल्या अन्नाबद्दल मालकाच्या तोंडावर खरे बोलावे. चांगले असेल तर बनवणाऱ्या बाईला आत जाऊन सांगावे.

समाजाच्या लहान लहान वर्गणीवर उभे राहण्याची परंपरा आपल्याला नवी नाही. ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' निघाला तेव्हा शाहू महाराजांनी अडीच हजार रुपयांची मदत केली. त्याच काळात पैसे देऊनही 'केसरी'ने 'मूकनायक'ची जाहिरात छापली नाही. पुढे 'बहिष्कृत भारत' १९२९ साली बंद पडला, तो विचार संपला म्हणून नव्हे, पैसा संपला म्हणून. आपले म्हणणे आपण मांडायचे असेल तर त्याचा खर्च आपणच उचलावा लागतो, हा धडा त्यातून घ्यायचा. 'मूकनायक'ची आणि तीन मुलांच्या वहीची बरोबरी करण्याचा आमचा हेतू नाही. पण तत्त्व एकच आहे. ज्याच्या पैशावर लेखणी चालते त्याच्याच बाजूने ती झुकते. ही लेखणी हजारो गरीब जिभांच्या बाजूने झुकावी असे वाटत असेल तर तिचा खर्च हजारो हातांनी उचलावा.

शाहू महाराजांसारखा राजा आज गाडी थांबवायला येणार नाही. जुन्या बाजारातल्या त्या हातगाडीपुढे आता आपणच थांबायचे आहे, पैसे मोजून खायचे आहे आणि कसे झाले ते खरे सांगायचे आहे. जयभीम.